साडेपाचशे भाऊ

त्यांना साडेपाचशे हे नाव कोणी ठेवलं ते आता नक्की आठवत नाही. बहुधा आमच्या जीपच्या ड्रायव्हरनं ठेवलं असावं, कारण ऑफिसातल्या बहुतेकांची नावं त्यानंच ठेवलेली होती. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, तरुणपणी हे साडेपाचशे जोर काढत असतील. तसं काही नव्हतं. अंगानं ते काडीसारखे होते. एखादं पत्र घ्यायचं नसेल तेव्हा मेल सर्व्हर समोरच्या सर्व्हरला एक आकडा सांगतो, तो पाचशे पन्नास. आमचा मेल सर्व्हर भाऊ सांभाळायचे, आणि नाही म्हणणं हा त्यांच्या कामाचा अर्ध्याहून मोठा भाग होता.

ऑफिस सुटल्यावरही हे काम सुटत नसे. आमच्याकडे कोणी लग्नाची पत्रिका घेऊन आलं की माणूस येतो म्हणतो. जायचं नसलं तरी येतो म्हणतो, आणि नंतर तब्येतीचं काहीतरी सांगतो. भाऊ पत्रिका नीट वाचायचे, तारीख बघायचे आणि समोरच्याला सांगायचे, "मी येनार नाई. त्या दिवशी मले दुसरं काम आहे." पत्रिका देणाऱ्याचा चेहरा उतरायचा. पण ज्या लग्नाला येतो म्हणाले, तिथं मांडवात पहिले भाऊ असत आणि पंगती उठेपर्यंत बसत. गावात त्यांच्याविषयी दोन मतं होती. अर्धे लोक त्यांना उद्धट म्हणत. उरलेले म्हणत, याचा हो खरा असतो. त्यांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दोन्हीचा सारखाच कंटाळा आला होता.

आमची संस्था लहान होती. मुख्य ऑफिस ब्रह्मपुरीला, भाड्याच्या घरात. वैनगंगेच्या पलीकडे, आरमोरीपासून पुढं पार मुलचेऱ्याच्या बाजूपर्यंत आमचे दवाखाने विखुरलेले. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक नर्स, एक मदतनीस आणि आठवड्यातून एकदा येणारा डॉक्टर. त्या दवाखान्यांचे अहवाल गोळा करणं हे माझं काम. फोन लागला तर लागला, रस्ता पावसात गेला तर गेला. त्यामुळे मेलवर आमचं बरंच काही अवलंबून होतं. रक्ताचे रिपोर्ट, औषधांची मागणी, कोणाला कुठं पाठवलं, सगळं मेलनं.

सर्व्हर घराच्या जुन्या स्वयंपाकघरात होता, ओट्यावर. जिथं पूर्वी कोणीतरी भात रांधत असेल तिथं ते काळं यंत्र दिवसभर घरघरत असायचं आणि खिडकीला कूलर. आत जाताना भाऊ चपला बाहेर काढायचे. कोणाला तो देव्हाऱ्याचा मान वाटायचा. भाऊ म्हणायचे, मान-बिन काही नाही, धूळ पंख्यात जाते. पण आम्हीही काढायचो.

सकाळी आल्यावर चहाबरोबर ते आदल्या दिवसाचे नकार वाचायचे. लोक पेपर वाचतात तसे. कोण आलं, काय म्हणालं, कोणत्या कारणानं परत गेलं. एखादा विशेष असला की मला हाक मारायचे.

"हे पाहा बाई. हा आपल्याच दारात येऊन आपलंच नाव सांगून राह्यला."

एक सर्व्हर दुसऱ्याकडे पत्र घेऊन येतो तेव्हा आधी स्वतःचं नाव सांगतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. काही लबाड सर्व्हर ज्याच्याकडे आले त्याचंच नाव सांगतात, म्हणजे घरचाच माणूस समजून आत घेतील. भाऊंना अशांचा राग येत नसे. गंमतही फारशी वाटत नसे. बघा, असेही असतात, एवढंच.

एकदा माझा एक अहवाल बाहेरून यायला अर्धा दिवस उशीर झाला म्हणून मी तक्रार घेऊन गेले. तेव्हा त्यांनी मला ओट्याशेजारी स्टुलावर बसवून सगळं सांगितलं. पत्र एकदम आत येत नाही. दाराशी पाच वेळा थांबतं. आधी, ते आणणारा सर्व्हर कुठून आला ते बघायचं. मग त्यानं नाव काय सांगितलं ते. मग पत्र कोणाकडून. मग कोणासाठी, आणि तसा माणूस आपल्याकडे आहे तरी का. हे सगळं झाल्यावर शेवटी पत्रात काय आहे. प्रत्येक ठिकाणी नियम लिहिलेले. ते वरून खाली वाचत जायचे. जो पहिला लागू झाला, तिथंच निकाल. खालचे वाचायचेच नाहीत. आणि सगळे वाचून झाले तरी एकही लागू झाला नाही, तर नकार.

मी म्हटलं, एकही लागू झाला नाही तर घ्यायला काय हरकत आहे? ते म्हणाले, ज्याला घ्यायचं त्याच्यासाठी नियम लिहायची तसदी घ्यावी माणसानं. विसरल्यामुळे कोणी आत येऊ नये.

माझा अहवाल अडकला होता तो वेगळ्याच कारणानं. अनोळखी सर्व्हर पहिल्यांदा आला की भाऊ त्याला नाही म्हणत नसत. थोड्या वेळानं ये म्हणत. त्याचा आकडा साडेचारशे. खरा सर्व्हर पत्र जपून ठेवतो आणि परत येतो. कचरा वाटत फिरणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो, ते पुढच्या दाराकडे जातात. "ज्याच्यापाशी सांगाले काई असते, तो परत येते," भाऊ म्हणाले. माझ्या अहवालाचा सर्व्हर आळशी होता, अर्ध्या दिवसानं परत आला. मी म्हटलं, पण तुम्ही त्याला खोटंच ये म्हणाला असता तर? ते माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी काही वावगं बोलले असावे. ये म्हटलं आणि तो आला तर घ्यायचं, असं म्हणून ते उठले आणि कूलरमध्ये पाणी टाकायला गेले.

लॅबमध्ये एक तंत्रज्ञ होते, आरमोरीकडचे. त्यांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाल्याचा मेल यायचा होता. घरी कोणाचा मेल नव्हता म्हणून पत्ता ऑफिसचा दिला होता. तो मेल आला आणि भाऊंनी घेतला नाही. कॉलेजच्या सर्व्हरनं स्वतःचं नावच धड सांगितलं नव्हतं. कोणीतरी बसवताना जसं होतं तसंच ठेवून दिलं होतं, म्हणजे नाव विचारलं तर तो म्हणायचा, मी इथलाच. भाऊंच्या नियमात हे बसत नव्हतं.

कॉलेजच्या क्लार्कनं फोन करून सांगितलं की तुमचा मेल परत आला. तंत्रज्ञ तणतणत स्वयंपाकघरात शिरले, चपलांसकट. आम्ही सगळे मागं.

भाऊंनी त्यांना बसायला सांगितलं आणि कबूल केलं. पत्र आलं होतं, मी घेतलं नाही.

"अन् घेऊन टाकलं असतं तं काय झालं असतं भाऊ? फोन नसता आला तं पोरीचं वरीस गेलं असतं ना."

भाऊ म्हणाले की घेऊन टाकलं असतं तर ते कचऱ्याच्या खोक्यात पडलं असतं, तुम्ही ते कधी उघडत नाही. कॉलेजला वाटलं असतं मिळालं. कोणी फोन केला नसता. तंत्रज्ञांचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. ज्या बापाची मुलगी आहे त्याला हे हिशेब काय करायचे. भाऊंनी त्याच दिवशी त्या कॉलेजसाठी अपवाद लिहिला आणि तो नकाराच्या वर ठेवला. खाली ठेवला असता तर तिथपर्यंत कोणी पोचलंच नसतं, हे मला आता कळत होतं. मग त्यांनी कॉलेजच्या कम्प्युटरवाल्याला फोन लावला. त्याला काही समजेना. भाऊंनी सुट्टी टाकली, नागपूरची बस धरली, त्या कॉलेजात जाऊन बसले आणि सर्व्हरला त्याचं खरं नाव सांगायला शिकवून परत आले. कॉलेजवाल्यांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. ही तक्रार त्यांची नव्हती, वहिनींची होती.

मुलगी पुढं नर्स झाली. तंत्रज्ञ मात्र भाऊंशी शेवटपर्यंत जेवढ्यास तेवढं बोलले.

आमचे संचालक वाईट माणूस नव्हते. हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कोणाचाही तसा समज होईल. स्वतः डॉक्टर होते, तरुणपणी एटापल्लीकडच्या दवाखान्यात त्यांनी पायी फिरून काम केलं होतं. पण नंतर ते टेबलाशी बांधले गेले. देणगीदार, भेटी, सादरीकरणं. दिवसभर मेल वाचून त्यांचे डोळे लाल झालेले असत. एकदा मला म्हणाले होते की मी पूर्वी पेशंट बघायचो, आता पेशंटबद्दल बोलणाऱ्या लोकांना बघतो.

मुलचेऱ्याच्या बाजूला आमचा एक दवाखाना होता. तिथली नर्स बंगाली, तिकडच्याच निर्वासितांच्या गावातली. तिला सगळे दीदी म्हणत. मराठी ती आमच्यासारखीच बोले, फक्त रागावली की शब्द गोल व्हायचे. तिच्या दवाखान्यातला फ्रिज थंड होईना झाला होता. सापाच्या विषावरचं औषध आमच्याकडे तेव्हा पातळ स्वरूपात यायचं, ते थंड ठेवावं लागतं. धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, साप निघायचे दिवस जवळ आले होते. तिनं मेल केला. दोनदा उत्तर गेलं की प्रक्रिया चालू आहे. मग उत्तर जायचं थांबलं. संस्थेचा मेल तिच्या मोबाइलवर कधी धड चालला नाही, म्हणून ती स्वतःच्या पत्त्यावरून लिहायची. रोज एक. पुढं ती त्याच मेलची प्रत बाहेरच्या लोकांनाही टाकायला लागली, आणि त्यांत एक आमचे देणगीदार होते.

संचालकांनी भाऊंना बोलावलं. मी अहवालावर सही घ्यायला तिथंच उभी होते, त्यामुळे हे मी ऐकलेलं आहे. ते म्हणाले की या बाईचे मेल माझ्याकडे येऊ देऊ नका, आणि तिला कळूही देऊ नका. तिला वाटू द्या की पोचले. आपोआप थंड होईल.

भाऊ म्हणाले, "पहिलं जमते साहेब. दुसरं नाई जमत."

संचालकांना वाटलं की यंत्राची काही अडचण आहे. भाऊंनी सांगितलं, यंत्राला सगळं जमतं, एका ओळीचं काम आहे. घेतलं म्हणायचं आणि फेकून द्यायचं, असा हुकूम सर्व्हरला देता येतो. मी देणार नाही. घेतलं म्हटलं की ते पत्र आपलं झालं, त्याची जबाबदारी आपली. नको असेल तर दारातच नाही म्हणतो, कारण लिहून. आणि हो, साहेब, त्या फ्रिजचं एकदा बघून घ्या, तेवढं मी तुम्हाला सांगून ठेवतो.

संचालकांनी डोळे चोळले. मग दमलेल्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला काय करायचं ते करा. माझ्यापर्यंत येऊ देऊ नका."

त्या दुपारी मी व्हरांड्यात भाऊंपाशी जाऊन बसले. मला त्यांचा रागच आला होता. एवढं ताणायची काय गरज होती, गुपचूप ते मेल माझ्याकडे वळवले असते तर मी काहीतरी केलं असतं, असं मी बोलले. ते सुपारीएवढा गूळ तोंडात टाकून बसले होते. चहानंतर गूळ खायची त्यांची सवय होती. पहिल्यांदाच त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलं.

शिकायला ते नागपूरला गेले तेव्हा खोली शोधत होते. एका घरमालकानं खोली दाखवली, पसंत पडली, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकून म्हणाला, दोन दिवसांनी या, रंग देऊन राह्यलो. भाऊ दोन दिवसांनी गेले. म्हणाला, रंग वाळला नाही, पुढच्या आठवड्यात या. भाऊंची ट्रंक दूरच्या एका नातेवाइकाच्या दुकानात पडलेली, रात्री तिथंच पोत्यांवर झोपायचं. ते पुढच्या आठवड्यातही गेले. तेव्हा शेजारच्या एका बाईनं सांगितलं की खोली केव्हाच दुसऱ्या पोराला दिली आहे, तुम्ही पहिल्यांदा आलात त्याच दिवशी.

"नाई म्हटलं असतं तं मले वाईट वाटलं असतं," भाऊ म्हणाले. "पन मी त्याच दिवशी दुसरीकडं गेलो असतो. त्याले वाटत असन, मी या पोराचं मन दुखवलं नाई."

त्यांनी गुळाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि आत गेले.

त्यांनी नियम लिहिला. दीदीचा मेल आला की दारातच नकार, आणि नकाराबरोबर एक ओळ. ती त्यांनी मला वाचून दाखवली होती, इंग्रजी बरोबर आहे का म्हणून. तिचा अर्थ असा होता: संचालकांच्या सूचनेवरून हे पत्र घेतलेलं नाही; ते पोचलेलं नाही; दुसऱ्या मार्गानं कळवावं.

त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारी जेवणाच्या सुमारास, दीदी आली. मुलचेऱ्याहून पहाटे निघून, आष्टी, चामोर्शी, गडचिरोली, आरमोरी करत बस आणि काळीपिवळी बदलत आली होती. साडीच्या काठाला चिखल होता. कोणाला काही न विचारता ती संचालकांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या औषधाच्या बाटल्या तिनं टेबलावर ठेवल्या, एकेक, रांगेत. आतलं औषध दुधासारखं गढूळ झालं होतं.

ती आवाज चढवून बोलली नाही. तिनं सांगितलं की गेल्या आठवड्यात बांधीवर निंदायला गेलेल्या एका बाईला साप चावला. तिला आणलं, पण हे औषध मी टोचू शकत नव्हते. जीप मिळेपर्यंत दोन तास गेले. गडचिरोलीच्या दवाखान्यात ती वाचली. उजव्या हाताची बोटं काढावी लागली.

"मी तुमाला लिहिलं होतं," दीदी म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाचता आणि काही करत नाही. परवा कळलं की तुम्ही वाचतच नाही. म्हणून आले."

संचालकांनी एक बाटली उचलून उजेडाकडे धरली. मग दुसरी. डॉक्टर होते, त्यांना दुसऱ्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिला विचारलं की ती बाई आता कुठं आहे, कोण आहे घरी. दीदी सांगत राहिली. ते ऐकत राहिले. मी दाराशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होते, तो आत नेऊन ठेवायचं मला सुचलं नाही.

फ्रिज त्याच आठवड्यात गेला. बाकीच्या दवाखान्यांचेही तपासले, आणखी दोन ठिकाणी तीच गत निघाली. पुढं आम्ही भुकटीच्या स्वरूपातलं औषध घ्यायला लागलो, ते उन्हाळ्यात तग धरतं. संचालक त्या बाईच्या घरी जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आल्यावर भाऊंना म्हणाले, दीदीचा तो नियम काढून टाका. भाऊंनी काढला. दोघांमध्ये एवढंच.

कोणाला वाटेल की यानंतर भाऊंची किंमत वाढली. तसं झालं नाही. संचालकांना त्यांच्याकडे बघणं जड जायला लागलं, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. रागावले नव्हते. उलट जरा जास्तच नीट बोलायचे. पण पुढच्या वर्षी मेलचं काम बाहेरच्या एका कंपनीला दिलं गेलं. कारण योग्यच होतं. यंत्र जुनं झालं होतं, वीज दिवसातून चारदा जायची, आणि भाऊ आजारी पडले तर ते सांभाळणारं दुसरं कोणी नव्हतं. भाऊंनीही विरोध केला नाही. त्यांनी एकच मागितलं. जुनं यंत्र काही महिने चालू ठेवू द्या. जुन्या पत्त्यावर कोणी लिहिलं तर हा पत्ता आता नाही, नवा अमुक आहे, एवढं तरी त्याला कळावं.

ते महिने भाऊ औषधांच्या गोदामात बसत. दिवसातून एकदा स्वयंपाकघरात येऊन बघून जात. लिहिणारे कमी होत गेले. उन्हाळ्यात एक दिवस विजेचा दाब कमीजास्त झाला आणि यंत्र बंद पडलं ते पडलंच. भाऊंनी ते उघडून साफ केलं, वायरी गुंडाळून ठेवल्या आणि ओटा पुसून घेतला. पावसाळ्यानंतर ते नोकरी सोडून आपल्या गावी गेले, ब्रह्मपुरीपासून तासाभराच्या अंतरावर. थोडी धानाची शेती होती.

नवीन मेल चांगला चालतो. काही परत जात नाही. सगळं घेतलं जातं आणि कुठंतरी साठतं. माझ्या खोक्यात न वाचलेली पत्रं इतकी आहेत की तो आकडा मी आता बघत नाही. मधल्या काळात आमचे निम्मे दवाखाने बंद झाले. संचालक गेले, दुसरे आले. मी दोन मेल पाठवते, मग फोन करते, मग सोडून देते.

भाऊ गावी गेल्यावर दोन वर्षांनी, धानाची कापणी चालू असताना वहिनींच्या भाच्याचा फोन आला की भाऊंना नागपूरला दवाखान्यात ठेवलं आहे. पोटाचं काहीतरी. मी रविवारी गेले. वॉर्डाबाहेरच्या बाकावर वहिनी बसल्या होत्या. मला बघताच उठल्या, हात धरून बाजूला नेलं. कॅन्सर होता, पसरलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की होळीपर्यंत, फार तर.

"त्यायले सांगितलं नाई," वहिनी म्हणाल्या. "अल्सर म्हणून सांगितलं. तुमी बी काई बोलू नका बाई."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

भाऊ उशीला टेकून बसले होते. आधीच काडीसारखे, आता चादरीखाली कोणी आहे असं वाटत नव्हतं. त्यांनी ऑफिसची चौकशी केली. दीदीची केली. ती अजून तिथंच आहे म्हटल्यावर बरं वाटलं त्यांना. वहिनी चहा आणायला उठल्या. त्या दारापर्यंत गेल्या आणि भाऊंनी आवाज न वाढवता मला विचारलं.

"बाई, मी डॉक्टरले विचारतो तं तो हिच्याकडं पाहाते. हिले विचारतो तं उद्या सांगते म्हनते. तुमाले काय सांगितलं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सांगायचं नाही असं मी तीन मिनिटांपूर्वी कबूल केलं होतं. वहिनी दारात थांबल्या होत्या, त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. नाही म्हणाल्या नाहीत आणि होही म्हणाल्या नाहीत.

"बरं होणार नाही म्हणाले," मी म्हटलं. "होळीपर्यंत सांगितलंय."

भाऊंनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं की घरची कापणी कुठवर आली. वहिनी दारातूनच म्हणाल्या, अर्धी झाली. "मंग इथी काऊन पडून राहू," भाऊ म्हणाले.

वहिनी माझ्याशी एक शब्दही न बोलता बाहेर निघून गेल्या. मी परत निघाले तेव्हा बाकावर होत्या. मी समोर उभी राहिले तरी त्यांनी वर बघितलं नाही. नागपूर ते ब्रह्मपुरी बसमध्ये मी खिडकीशी बसून होते आणि केलं ते बरोबर की चूक, हे मला कळत नव्हतं. आजही दर वेळी कळतंच असं नाही.

दोन दिवसांनी ते घरी गेले. मी एकदाच जाऊन आले, माघ महिन्यात. अंगणात उन्हाला खाट टाकली होती. त्यांनी धाकट्या भावाला बोलावून घेतलं होतं. शेताच्या वाटणीवरून दोघं कित्येक वर्षं बोलत नव्हते, हे मला तेव्हाच कळलं. धाकटा खाटेजवळ बसून लाखोळीच्या शेंगा सोलत होता आणि दोघं लहानपणच्या कुठल्या तरी बैलाबद्दल बोलत होते. वहिनी आत होत्या. माझ्यासाठी चहा भाच्यानं आणला.

होळीच्या आधी चार दिवस ते गेले. पुण्यानुमोदनाला मी गेले होते. दारात पंचशील ध्वज, अंगणात मांडव. वंदना झाली, माणसं जेवायला बसली. वहिनी वाढत होत्या. मी मुद्दाम शेवटच्या पंगतीत बसले, कारण त्यांच्यासमोर जायचं मला धाडस होत नव्हतं. त्या भाताचं भांडं घेऊन माझ्यापाशी आल्या, भात वाढला आणि पुढं न जाता तिथंच बसल्या.

"दवाखान्यात मी तुमच्यावर लय चिडली होती," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मला माहीत आहे.

"महिनाभर मी झोपली नवती. सकाळी हे विचारन, तं काय सांगू, याच विचारात रात जाये." त्यांनी भांड्यातला भात उगाच सारखा केला. "घरी आनलं त्या दिवशी हे झोपले. अन् मी बी झोपली, बाई. सकाळी यायनंच मले उठवलं."